नोंद एक, पडदे अनेक

मोबाईल ॲपमधील माहितीची साठवण आणि देवघेव

(तलाठी, ग्रामपंचायत सचिव, शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपणांपैकी कित्येकांच्या मनात असा प्रश्न आला असेल की, मोबाईल ॲपच्या पोटात माहिती कशी साठवली जाते हे जाणून घेण्याचे आपल्याला काय प्रयोजन? घड्याळ वापरणाऱ्याला त्यातली चक्रे कशी फिरतात हे ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. हा आक्षेप रास्त आहे. परंतु घड्याळ चुकले तर फार तर बस चुकते; नोंद चुकली तर माणसाचा हक्क चुकतो. अंगणवाडीतील मुलांची नोंद २०२१ पासून पोषण ट्रॅकर ह्या ॲपवर होत आहे. शेजारच्या महाराष्ट्रात त्याच वर्षापासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतः करू लागले. कागदावरचे काम फोनवर आले आहे, आणि ज्याच्या हातात फोन आहे त्याच्याच अंगावर आता दप्तर सांभाळण्याची जबाबदारी आली आहे. म्हणून दप्तर कोठे राहते, एका पानावरून दुसऱ्या पानावर कसे जाते आणि कोणत्या वाटेने हरवते, एवढे तरी आपणांस समजले पाहिजे.

मी कलाशाखेचा पदवीधर आहे. यंत्राची भाषा ही माझी मातृभाषा नव्हे. परंतु ह्या विषयातील मूळ तत्त्व दप्तराचेच आहे, आणि दप्तर म्हणजे काय हे ह्या सभागृहातील मंडळींना मी सांगावे असे नाही.

पाच पडद्यांचा एक अर्ज

आपण एक कल्पित उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा, परतीच्या पावसाने सत्तरीतील एका गावी सरद हंगामाचे उभे भात आडवे झाले. कृषी साहाय्यक फोन घेऊन बांधावर आले आहेत. त्यांच्या ॲपमध्ये पाच पडदे आहेत. पहिल्यावर गावातील शेतकऱ्यांची यादी, दुसऱ्यावर निवडलेल्या शेतकऱ्याचे नाव-गाव, तिसऱ्यावर सर्व्हे क्रमांक आणि बाधित क्षेत्र, चौथ्यावर नुकसानीचे छायाचित्र आणि पाचव्यावर सर्व मजकूर तपासून अर्ज पाठवण्याची सोय. गाव डोंगराच्या कुशीत असल्यामुळे फोनला रेंज नाही. शेतकऱ्यालाही थांबायला सवड नाही, कारण आडव्या झालेल्या भाताला कोंब फुटण्याआधी ते कापणे भाग आहे. आणि एकदा भात कापले की नुकसानीचा पुरावा शेतात उरत नाही. तेव्हा ह्या पाच पडद्यांतून नोंद सुखरूप पार पडली नाही, तर ती दुसऱ्यांदा करता येणार नाही. सारा प्रश्न इथे आहे.

पाटी आणि वही

प्रत्येक फोनला दोन प्रकारच्या स्मृती असतात. एक काम चालू असतानाची, जिला रॅम म्हणतात. दुसरी कायमच्या साठवणीची. पहिली शाळेतल्या पाटीसारखी आहे. तीवर भरभर लिहिता येते, परंतु पुसायला वेळ लागत नाही. दुसरी वहीसारखी. लिहायला किंचित विलंब लागतो, पण फोन बंद करून पुन्हा चालू केला तरी लिहिलेले राहते.

आपले साहाय्यक तिसऱ्या पडद्यावर क्षेत्र लिहीत असताना ते आकडे प्रथम पाटीवर असतात. इतक्यात चौथ्या पडद्यावर जाऊन त्यांनी कॅमेरा उघडला. कॅमेऱ्याला स्मृती पुष्कळ लागते. फोन साधा असला की अँड्रॉइड प्रणाली पाठीमागे गेलेली ॲप बंद करून जागा मोकळी करते. हा बिघाड नसून तिचा नेहमीचा व्यवहार आहे. छायाचित्र काढून साहाय्यक परत येतात, तेव्हा ॲप नव्याने सुरू झालेले असते आणि पाटी कोरी असते. फोन आल्यावरही असा प्रकार घडू शकतो. फोन नुसता आडवा धरला तरी अँड्रॉइड साधारणपणे समोरचा पडदा मोडून नव्याने उभारते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पडदा मोडून पुन्हा उभारला जात असताना पाटी जपून ठेवण्यासाठी गूगलने २०१७ साली व्ह्यूमॉडेल नावाची सोय प्रोग्रामरांच्या हाती दिली. पडदा गेला तरी ही पाटी राहते. परंतु संपूर्ण ॲपच बंद झाले तर तीही जाते. म्हणून ज्या ॲपची सारी भिस्त पाटीवर, ते ॲप बांधावर उपयोगाचे नाही. शेतकऱ्याचे नाव, क्षेत्र, पिकाचा प्रकार हे प्रत्येक उत्तर लिहून होताच वहीत उतरले पाहिजे. शेवटच्या पडद्यावरील बटण दाबल्यावरच सर्व एकदम साठवायचे, ही कागदी अर्जाची सवय येथे घातक ठरते. अपुरा मसुदा म्हणून का होईना, नोंद वहीत असावी.

गाठोडे नव्हे, क्रमांक

आता दुसरा प्रश्न. पहिल्या पडद्यावर निवडलेला शेतकरी दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या पडद्याला कसा कळतो?

एक रीत अशी, की पहिल्या पडद्याने त्या शेतकऱ्याची सर्व माहिती गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या हाती द्यावी, दुसऱ्याने तीत भर घालून तिसऱ्याला द्यावी, आणि असे करीत ती पाचव्यापर्यंत न्यावी. अँड्रॉइडमध्ये अशा गाठोड्याला बंडल हेच नाव आहे. ही रीत सोपी दिसते, परंतु तिच्यात दोन दोष आहेत.

पहिला दोष वजनाचा. हे गाठोडे प्रणालीच्या ज्या मार्गाने जाते त्याची धारणशक्ती १ मेगाबाइट आहे, आणि तीही त्या ॲपच्या त्या क्षणी चालू असलेल्या सर्व देवघेवींना मिळून. आजच्या फोनवरचे एक छायाचित्रच बहुधा त्याहून मोठे असते. ते गाठोड्यात कोंबले की ॲप तेथल्या तेथे बंद पडते. पडद्याची स्थिती जपण्यासाठी जे छोटे गाठोडे प्रणालीकडे ठेव म्हणून देता येते, ते तर ५० किलोबाइटांच्या आत ठेवावे असा गूगलचाच सल्ला आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, आणि तो प्रतींचा. पाच पडद्यांकडे पाच प्रती झाल्या. साहाय्यकांनी पाचव्या पडद्यावर वाचताना पाहिले की बाधित क्षेत्र चुकले आहे. मागे जाऊन तिसऱ्या पडद्यावर त्यांनी ते दुरुस्त केले. तिसऱ्याची प्रत सुधारली. पाचव्याकडे जुनीच राहिली. आता खरे काय? कोणीही खोटे लिहिलेले नाही, तरी एकाच अर्जात दोन आकडे झाले.

आपल्या जुन्या महसुली दप्तराने ह्या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. गोव्यातील जमिनीचा एक-चौदाचा उतारा आठवा. कब्जेदाराच्या नावापुढे फेरफाराचा क्रमांक असतो. जमीन त्याच्याकडे वारसाने आली की खरेदीने, ती सारी हकीकत उताऱ्यावर उतरवून घेतलेली नसते. ज्याला ती हवी असेल त्याने तो क्रमांक घेऊन फेरफाराची नोंद काढून पाहावी. महाराष्ट्रातील सातबाऱ्याचीही रीत हीच. हकीकत एका ठिकाणी, आणि इतरत्र तिचा क्रमांक.

संगणकाच्या जगात हे तत्त्व शास्त्राच्या पायावर उभे केले ते एडगर कॉड ह्या गणितज्ञाने. आयबीएम कंपनीत काम करीत असताना १९७० साली त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती तक्त्यांत मांडावी, प्रत्येक नोंदीला तिची ओळख असावी आणि एका तक्त्याने दुसऱ्याचा उल्लेख त्या ओळखीने करावा, असा त्याचा आशय होता. आजचे बहुतेक बँकांचे, रेल्वेचे आणि शासनाचे माहितीसाठे ह्याच पद्धतीवर चालतात.

ॲपलाही हाच नियम लावावा. पहिल्या पडद्याने दुसऱ्याला फक्त शेतकऱ्याचा नोंद-क्रमांक द्यावा. दुसऱ्याने त्या क्रमांकावरून वहीतली नोंद स्वतः वाचावी. तिसऱ्याने क्षेत्र वहीत लिहावे आणि पाचव्याने ते वहीतूनच वाचावे. आणखी एक सोय आजच्या साधनांत आहे. पडद्याला वहीतील एखाद्या नोंदीवर लक्ष ठेवून राहता येते. नोंद बदलली की पडदा आपोआप नवा मजकूर दाखवतो. कोणी कोणाला निरोप पाठवावा लागत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर एक सूचना लावली की येणारा-जाणारा तीच वाचतो, तसे हे आहे. मग क्षेत्र तिसऱ्या पडद्यावर सुधारा की पाचव्यावर, आकडा एकच राहील.

कोणती वस्तू कोठे ठेवावी

घरात दागिने, धान्य आणि सरपण एका जागी ठेवीत नाहीत. ॲपमध्येही तीन प्रकारच्या जागा असतात.

पहिली लहान सवयींसाठी. मराठी हवी की कोकणी, अक्षर मोठे की लहान, अशा चार-दोन गोष्टींसाठी अँड्रॉइडमध्ये शेअर्ड प्रेफरन्सेस ही जुनी आणि डेटास्टोअर ही नवी सोय आहे. जुन्या सोयीत संपूर्ण फाइल एकदम स्मृतीत घेतली जाते आणि बदल झाला की संपूर्ण फाइल पुन्हा लिहिली जाते. म्हणून तीत चारशे शेतकऱ्यांची यादी ठेवणे म्हणजे एका नावासाठी सारी मतदारयादी नव्याने लिहून काढणे होय.

दुसरी जागा म्हणजे खरी वही, अर्थात डेटाबेस. अँड्रॉइड आणि आयफोन ह्या दोहोंतही एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस असतो. रिचर्ड हिप ह्या अमेरिकन प्रोग्रामरने तो २००० साली प्रथम प्रसिद्ध केला. त्याची कल्पना त्यांना युद्धनौकेसाठी सॉफ्टवेअर तयार करताना सुचली. दूरचा सर्व्हर बंद पडला की कार्यक्रमही अडून बसे. तेव्हा सर्व्हरवाचून, एका साध्या फाइलीतच चालणारा डेटाबेस का असू नये, असा विचार त्यांनी केला. रेंज नसलेल्या आपल्या बांधावर हाच गुण उपयोगी पडतो. एसक्यूलाइट कोणालाही विनामूल्य वापरता येतो. त्याचा दुसरा गुण असा, की एकत्र करावयाचे बदल एका व्यवहारात बांधले, तर एकतर ते सर्व लिहिले जातात किंवा एकही लिहिला जात नाही. मध्येच बॅटरी संपली तरी अर्धवट नोंद मागे राहत नाही.

डेटाबेस वापरतानाही काही पथ्ये आहेत. ज्या रकान्यावरून वारंवार शोध घ्यावयाचा, त्या रकान्याची सूची करावी. पुस्तकाच्या शेवटी सूची असली म्हणजे प्रत्येक पान चाळावे लागत नाही. यादीतील हजार नावे एकदम न आणता पडद्यावर मावतील तेवढी आणून, बोट सरकेल तशी पुढची आणावीत. आणि वाचण्या-लिहिण्याचे काम पडदा चालवणाऱ्या मुख्य धाग्यावर न टाकता मागे वेगळ्या धाग्यावर चालवावे. नाहीतर पडदा गोठतो, आणि बोटाच्या स्पर्शाला ५ सेकंद प्रतिसाद मिळाला नाही की ॲप उत्तर देत नसल्याची सूचना फोन दाखवू लागतो.

तिसरी जागा छायाचित्रांसारख्या जड वस्तूंसाठी. छायाचित्र फाइल म्हणून ठेवावे आणि डेटाबेसात तिचा पत्ता तेवढा लिहावा. यादीत दाखवण्यासाठी त्याची लहान आवृत्ती पुरते. पडद्यापडद्यांतून फिरतो तो पत्ता. छायाचित्र जागचे हलत नाही.

२०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर दिसते. शासकीय खात्याने दिलेला दाखला तेथे उघडला, तर तो त्या खात्याच्या मूळ साठ्यातून आणला जातो. लॉकरात असतो तो त्याचा दुवा. ज्याने दाखला दिला त्याच्याकडेच मूळ राहावे आणि इतरांनी त्याचा पत्ता बाळगावा, हा विचार पाच पडद्यांच्या छोट्या ॲपला आणि देशव्यापी योजनेला सारखाच लागू पडतो.

बांधावरून कचेरीपर्यंत

फोनमधील नोंद शेवटी कचेरीच्या सर्व्हरवर पोहोचली पाहिजे. रेंज नसताना पाठवण्याचे बटण दाबले आणि ॲपने नुसते ‘अयशस्वी’ म्हणून हात वर केले, तर साहाय्यकांनी काय करावे? योग्य रीत अशी, की पाठवायच्या नोंदी टपालाच्या पेटीप्रमाणे फोनमध्येच रांगेत ठेवाव्यात. रेंज मिळताच त्या आपोआप जाव्यात. अँड्रॉइडमध्ये ह्या कामासाठी वर्कमॅनेजर नावाची सोय आहे. फोन बंद करून पुन्हा चालू केला तरी सोपवलेले काम ती विसरत नाही. कोणती नोंद पोहोचली आणि कोणती रांगेत आहे, हे पडद्यावर स्पष्ट मराठीत दिसावे.

ह्यात एक खाच आहे. नोंद सर्व्हरवर पोहोचली, परंतु पोच परत येण्याआधी रेंज गेली, तर फोन तीच नोंद पुन्हा पाठवील आणि एका शेतकऱ्याचे दोन अर्ज होतील. म्हणून नोंद जन्माला येते त्याच क्षणी फोननेच तिला एकमेव क्रमांक द्यावा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर सर्व्हरने नवी नोंद न करता फक्त पोच द्यावी.

दुसरी खाच दोन हातांची. साहाय्यकांनी बांधावर शेतकऱ्याचा दूरध्वनी क्रमांक बदलला आणि त्याच दिवशी कचेरीतही कोणी तो बदलला. मागून आलेल्याने आधीचा गुपचूप पुसून टाकणे योग्य नव्हे. प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा आकडा असावा. आपण वाचलेली आवृत्ती आणि सर्व्हरवरची आवृत्ती जुळत नसेल, तर दोन्ही मजकूर समोर ठेवून माणसाला विचारावे. निर्णय माणसाने घ्यावा आणि कोणी घेतला त्याची नोंद राहावी.

जेवढे लागेल तेवढेच

माहितीची देवघेव म्हणजे सर्वांना सर्व काही दाखवणे नव्हे. यादीच्या पडद्याला नाव आणि वाडा एवढे पुरते. तेथे बँक खाते कशाला? जो पडदा मागत नाही त्याला देऊ नये. गरजेपुरतीच माहिती घ्यावी आणि ज्या कामासाठी घेतली त्यासाठीच वापरावी, हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचाही गाभा आहे. नोंदी ॲपच्या खासगी जागेत ठेवाव्यात. लाभार्थ्यांची छायाचित्रे व कागदपत्रे फोनच्या सार्वजनिक चित्रसंग्रहात पडून राहू नयेत. एकाच फोनवर दोघे काम करीत असतील, तर एकाने बाहेर पडताच त्याचा मजकूर दुसऱ्याला दिसता कामा नये; मात्र बाहेर पडताना त्याच्या रांगेतील न पाठवलेल्या नोंदी पुसल्या जाणार नाहीत, हेही पाहिले पाहिजे.

स्वीकारण्यापूर्वीच्या सहा कसोट्या

आता अधिकारी मित्रांना आणि शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. कोणतेही नवे ॲप आपल्यासमोर चाचणीसाठी आले, तर त्याच्या रंगरूपावर मत देण्यापूर्वी सहा गोष्टी करून पाहाव्यात. त्यांसाठी तांत्रिक शिक्षण लागत नाही.

पहिली, अर्ज अर्धा भरून फोन आडवा धरावा. दुसरी, अर्धा भरून कॅमेरा व इतर चार ॲप उघडावीत, मग फोनच बंद करून चालू करावा. भरलेले राहिले पाहिजे. तिसरी, एअरप्लेन मोड लावून अर्ज पाठवावा. तो रांगेत राहून पुढे आपोआप गेला पाहिजे. चौथी, पाठवण्याचे बटण दोनदा दाबावे. नोंद एकच झाली पाहिजे. पाचवी, एका पडद्यावर नाव सुधारून इतर सर्व पडदे पाहावेत. जुने नाव कोठेही दिसता कामा नये. सहावी, मोठी छायाचित्रे जोडून पाहावीत आणि लांब यादीतून नाव शोधून पाहावे. ॲप अडखळता कामा नये. ही चाचणी कचेरीतील उत्तम फोनवर न घेता, प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हातात जो साधा फोन असतो, त्यावर घ्यावी. ह्या कसोट्या कामाच्या करारातच लिहून ठेवल्या, तर पुढचा वाद टळेल.

ग्रामस्थ बंधुभगिनींनीही एक लक्षात ठेवावे. आपली नोंद कोणी फोनवर केली, की तिचा क्रमांक मागून घ्यावा आणि तो लिहून ठेवावा. ‘रेंज आली की जाईल’ असे उत्तर मिळाले तरी क्रमांक मिळालाच पाहिजे. कारण चांगल्या ॲपमध्ये तो रेंजवर अवलंबून नसतो. तो मिळत नसेल, तर नोंद अजून पाटीवरच आहे असे समजावे आणि ती वहीत उतरेपर्यंत जागचे हलू नये.

 आता प्रश्न विचारावेत. तांत्रिक शाखेचे अधिकारी उत्तरे देण्यासाठी येथे उपस्थित आहेत.

जय हिंद!